कुंदे, रायफल ठरवायची राहिली

कुंदे,

तुझ्या नवऱ्याचा, प्रभाकरभाऊंचा, तुझ्या मोबाइलवरून फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर शिकवत होते. वर्गात मी फोन घेत नाही, पण स्क्रीनवर तुझं नाव होतं आणि आदल्या संध्याकाळीच तू म्हणाली होतीस की उद्या पक्कं करून सांगीन. म्हणून पोरांना धडा वाचायला लावून मी व्हरांड्यात आले आणि पलीकडचा आवाज ऐकायच्या आधीच म्हणाले, "बोल, कोणती?"

"शैलाताई, मी बोलून राह्यलो," प्रभाकरभाऊ म्हणाले. "कुंदा गेली."

मी विचारलं, "कुठं?"

मी खरंच असं विचारलं. मला वाटलं, तू मला न सांगता एकटीच नागपूरला गेलीस, त्या दुकानात. मला थोडा रागही आला. मग ते म्हणाले, रामदासच्या तारेले लागली, सकाळी. तरीही माझ्या डोक्यात काही शिरेना. वर्गातून पोरांच्या वाचण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, मग दवाखान्यात कुठल्या नेलं? मागून कोणा बाईचा रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

आर्वीमार्गे तळेगावला जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हासुद्धा मी मनातल्या मनात तुझ्याशी रायफलवरूनच भांडत होते. तळेगावच्या स्टँडवर उतरले, तुझ्या गावाची ऑटो धरली, आणि ऑटोवाल्यानं न विचारताच सांगितलं, आमच्या गावची बाई गेली आज. तेव्हा मला कळलं. अनोळखी माणसाच्या तोंडून कळलं.

काय झालं ते आता मला पाठ आहे, कारण तुझ्या अंगणात ते मी दिवसभर ऐकलं. तुमच्या शेताला लागून रामदासचं शेत. दोघांच्याही वावरात हरभरा घाट्यावर आलेला. रानडुकरांनी रामदासचा अर्धा हरभरा एका रात्रीत उकरला, आणि त्यानं बांधावर तार ओढली, गुडघ्याच्या खाली, एकच, आणि तिच्यात लाइनीचा करंट सोडला. रात्री चालू करायची, तांबडं फुटायच्या आत बंद करायची. त्या दिवशी तो तापानं फणफणला होता, उठला नाही. तू विहिरीवरची मोटर चालू करायला निघालीस. दवानं गवत ओलं होतं. नेहमीच्या वाटेनं न जाता तू बांधावरून का गेलीस, ते कोणालाच माहीत नाही. रामदासला अंथरुणात एकदम तारेची आठवण झाली, तो तसाच धावत आला, आणि त्यालाच तू सापडलीस.

तू त्याच्याशी त्या तारेवरून भांडली होतीस. त्यानं तुझ्यासमोर तार गुंडाळली होती. "काढली ना वहिनी, तुमी म्हन्लं तशी," असं तो म्हणाला होता, आणि तू मला फोनवर मोठ्या समाधानानं सांगितलं होतंस की माणूस समजदार हाय. नंतर डुकरं पुन्हा आली आणि त्यानं तुला न सांगता ती परत लावली. मला अजूनही खरं वाटत नाही की तू तारेनं गेलीस. सगळ्या गावात तारेच्या विरोधात बोलणारी तू एकटी होतीस.

मी तुझ्याशी भांडत होते ते वेगळ्या गोष्टीसाठी. ते भांडण मध्येच तुटलं. म्हणून लिहिते.

नाचणगावहून तू सायकलनं पुलगावच्या कॉलेजात यायचीस आणि मी स्टेशनजवळून चालत. एनसीसीत आपण दोघींनी नाव घातलं ते परेडनंतर मिळणाऱ्या पुरीभाजीसाठी, हे आपण पुढे कोणालाच सांगितलं नाही. फायरिंगच्या पहिल्या दिवशी हरियाणाकडचे हवालदारसाहेब ओरडले, "कुंदा कंधे में दबाओ!" आणि तू घाबरून उभीच राहिलीस. त्यांच्या भाषेत रायफलच्या मागच्या लाकडी दस्त्याला कुंदा म्हणतात हे आपल्याला कुठं ठाऊक. पुढे वर्षभर कोणी ना कोणी तुला खांद्यात दाबायला निघायचं. पण त्याच दिवशी तुझ्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. माझ्या पाच झाकायला बांगडी लागली असती. हवालदारसाहेबांनी तुझा निशाण्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. तुला परत दिलाच नाही.

मग तुझं लग्न, माझी नोकरी. तू तळेगावकडे गेलीस, मी वर्ध्यात आले, तिथल्या रायफल क्लबात जात राहिले, आणि मधली सगळी वर्षं दिवाळीच्या फोनवर गेली. आपण परत भेटलो ती सावंगीच्या दवाखान्यात. माझ्या छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं होतं आणि तुझे सासरे वरच्या मजल्यावर शेवटच्या दुखण्यात होते. तू डबा घेऊन चुकीच्या मजल्यावर उतरलीस आणि मला बघून दारातच म्हणालीस, "शैले, तू इथं काऊन?" डबा सासऱ्यांचा होता. अर्धा मला चारलास.

ऑपरेशननंतर मी रायफल सोडली होती. डावा हात वर धरवत नव्हता, आणि नेम धरायचा म्हणजे सगळा भार डाव्या हातावर. क्लबमध्ये जायचं बंद केलं होतं. तुझी लेक नेहा नर्सिंगला सावंगीलाच लागली आणि तू तिला भेटायला येऊ लागलीस, तेव्हा तू मला ओढत रेंजवर नेलंस. मला चटईवर पालथं झोपवलंस, माझ्या मनगटाखाली वाळूची पिशवी सरकवलीस आणि शेजारी बसून राहिलीस. मी दमले की तू म्हणायचीस, "श्वास सोड. अर्धा सोड. थांब." माझा हात परत रायफल पेलायला लागला तो तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्यात काय एवढं, चाय टाक.

सासरे गेले आणि त्यांची जुनी दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक तुझ्याकडे आली. घरात बंदूक चालवता येणारी तूच होतीस, म्हणून पिकाच्या राखणीचं लायसन तुझ्या नावावर झालं. गावात सगळ्यांना आनंद झाला. वनखात्याची परवानगी काढली तर पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारता येतं, पण मारणार कोण हा प्रश्न होता. आता कुंदावहिनी होती.

तू एकदाच मारलंस. परवानगी होती, वनरक्षक सोबत होता, सूर्य नुकताच वर आला होता. बारा बोअरच्या छर्‍यांनी डुक्कर पडलं नाही, ओरडत नाल्यात घुसलं. जखमी जनावर सोडायचं नाही म्हणून तू मागे गेलीस. ती मादी होती आणि तिची पिल्लं नाल्यातच होती. दुसरी गोळी तू जवळून घातलीस. घरी येऊन तू आंघोळ केलीस, भाकरी टाकल्या, सगळ्यांना वाढलंस, आणि मग ओट्यावर बसून मला फोन केलास. तुझा आवाज एवढा साधा होता की मला आधी कळलंच नाही.

"मले मारता येते वं," तू म्हणालीस. "पन मारवत नाई."

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते की दोष तुझा नव्हता, बंदुकीचा होता. बारा बोअर ही डुकराची बंदूकच नव्हे, छरे पसरतात, जनावर हाल होऊन मरतं. ती जुनी जमा करून टाक आणि रायफल घे. बोल्ट ॲक्शन, तीनशे पंधरा बोअरची. एक गोळी, योग्य जागी, आणि जनावराला कळायच्या आत खेळ संपतो. तुझ्यासारखा नेम असलेल्या बाईनं ती वापरली तर कोणाचेच हाल व्हायचे नाहीत, डुकराचे नाहीत आणि शेतकऱ्यांचेही नाहीत. मला हे अगदी बरोबर वाटत होतं. अजूनही वाटतं.

तू ऐकून घेतलंस आणि मग म्हणालीस, "रायफल चांगली असली म्हनून डुकरीन कमी मरते काय?"

तुला पॉइंट टू टूची हलकी रायफल हवी होती, माझ्याकडे आहे तशी. फक्त कागदावर मारायला. पॉइंट टू टूनं डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होतं, म्हणून तिच्यासाठी कोणी परवानगीही मागणार नाही. तुला तेच पाहिजे होतं. एकदा ती हातात आली की गावातले लोक आपोआप दार वाजवायचं बंद करतील. तू बायकांच्या स्पर्धेत उतरणार होतीस, पन्नाशी उलटल्यावर. नेहाला तू तसं सांगूनही टाकलं होतंस आणि ती वसतिगृहात सगळ्यांना सांगत सुटली होती.

नागपूरच्या दुकानात आपण गेलो तो दिवस मी विसरणार नाही. तू जरीची साडी नेसून आली होतीस, लग्नाला चालल्यासारखी. दुकानदारानं आपल्या मागे कोणी पुरुष येतो का ते बराच वेळ बघितलं. शेवटी त्यानं विचारलं, "साहब गाडी में हैं क्या?" तू म्हणालीस, साहेब वावरात आहेत, तुम्ही रायफल दाखवा.

त्यानं दोन काढल्या. दोन्ही आखूड, कारण आपण दोघी पाच फुटांच्या आसपास, आणि माझी लांब रायफल घेऊन मी किती वर्षं मान ताणते आहे ते तू पाहिलेलं. एक पॉइंट टू टू, एक तीनशे पंधरा. तू पहिल्यांदा पॉइंट टू टू उचललीस, खांद्याला लावलीस, आणि गाल आपोआप लाकडावर टेकला. मान वाकवायला लागली नाही, हात ताणायला लागला नाही. तू डोळे मिटून बोल्ट मागे ओढलास, पुढे सारलास, खाली दाबलास. मग मी म्हटलं, आता ही बघ, आणि तीनशे पंधरा तुझ्या हातात दिली.

ती जड होती, पण आखूड नळीमुळे तोल मध्यावर होता. कपाशीच्या उंच पराटीत, मचाणावर, अंग वळवायला जागा नसते तिथं अशीच पाहिजे, असं मी म्हणाले. तू तीही खांद्याला लावलीस. तीही बसली, अगदी नीट बसली, आणि हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं. तू ती खाली ठेवलीस. मग दुकानदारानं खरं ते सांगितलं. आखूड नळीची हलकी तीनशे पंधरा खांद्याला जोरात लाथ मारते, आवाजही कानठळ्या बसवणारा, आणि दिवसभर कागदावर मारायला ती कामाची नाही. तू माझ्याकडे बघून हसलीस. तुला तुझा मुद्दा सापडला होता.

परतीच्या एसटीत, तुझ्याकडे मुक्कामाला येताना, आपण कोंढाळीपर्यंत भांडलो. तू म्हणत होतीस की धक्क्याच्या भीतीनं बोट आधीच दाबलं जातं, आणि तशी सवय लागली की चांगला नेमसुद्धा बिघडतो, एकाच रायफलीत दोन कामं करायला गेलं तर दोन्ही वाया जातील. मी म्हणत होते, सराव टू टूवर कर, क्लबची आहे, माझी आहे, पण स्वतःची घेतेस ती कामाची घे. पुढच्या बाकावरचा माणूस उठून मागे जाऊन बसला. कंडक्टरनं दोनदा येऊन आपल्या पिशव्यांकडे पाहिलं. त्यात संत्री होती आणि नेहासाठी घेतलेला ड्रेस. तू त्याला एक संत्रं दिलंस.

कोंढाळीनंतर तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "काऊन वं शैले, तू कागद मारतं तर तुले कोनी काई म्हनत नाई. मले काऊन सारे डुकरं मारायले लावता?"

मी म्हणाले, कारण तुझ्या गावात डुकरं आहेत. तू मान हलवलीस. ते उत्तर तुला पटलं होतं की नुसतं ऐकू आलं होतं, कोण जाणे.

त्यानंतरच तारेचं निघालं. तू सांगितलंस की तीन-चार वावरांत करंट सोडतात आणि सगळ्यांना माहीत आहे. तू घरोघर जाऊन बोललीस. रामदासच्या बायकोला, सुमनला, तू म्हणालीस की तार आंधळी असते, तिला डुक्कर आणि माणूस कळत नाही. सुमननं तुला विचारलं, मग वहिनी, तुमची बंदूक काऊन बसली घरात? हेही तूच मला सांगितलंस, लपवलं नाहीस. आणि लगेच म्हणालीस, दोन दिवस विचार करू दे. मग म्हणालीस, उद्या पक्कं सांगीन.

तू काय ठरवलं होतंस, कुंदा? मी प्रभाकरभाऊंना विचारलं. ते म्हणाले, तीनशे पंधरा, मला जेवताना बोलली ती, घ्याच लागते आता. मी नेहाला विचारलं. ती म्हणाली, मावशी, आईनं मला फोनवर सांगितलं, टू टूच घेणार, तू स्पर्धेचा फॉर्म कधी सुटतो ते बघून ठेव. दोघंही खरं बोलत होते. तू नवऱ्याला त्याच्या मनातलं सांगितलंस आणि पोरीला तिच्या मनातलं. मला माझ्या मनातलं सांगायला तू दुसरा दिवस ठेवला होतास.

तुझ्या अंगणात मी बसले होते तेव्हा मला रडू येत नव्हतं. नेहा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनं वॉर्डात माणसं जाताना पाहिली आहेत, आणि ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती की मावशी, हाताला एवढीशीच खूण कशी? पायालाही लहानशीच. मला काय सांगता येणार. तुला आणलं तेव्हा तुझा चेहरा आपण सकाळी झोपेतून उठतो तसा होता, जरा वैतागलेला. मला वाटलं, कोणीतरी जोरात हाक मारली तर ही उठेल. मी हाक मारलीसुद्धा. बायकांनी मला धरून मागे नेलं.

रामदास घरी थांबला नव्हता. तुझ्याजवळ बसून राहिला, पोलीस आले तेव्हा उठून म्हणाला, "मीच लावली." पंचनाम्यात त्यानं काही लपवलं नाही. गाडीत बसवताना प्रभाकरभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना वाटलं, आता हे मारतात. त्यांनी मारलं नाही. एवढंच विचारलं, "तुनं तिले काढली म्हनून काऊन सांगतलं?" रामदासनं खाली मान घातली ती वर केलीच नाही.

मला तेव्हा रामदासचा राग आला नाही. तुझा आला. लाजिरवाणं आहे, पण तुला नाही सांगणार तर कोणाला. मला वाटलं, मी म्हणत होते तेव्हा तू तीनशे पंधरा घेतली असतीस तर डुकरं हटली असती आणि तार लागलीच नसती. मग वाटलं, नसती कशी? लायसनवर चढवायला महिने लागतात, परवानगीला लागतात, डुकरं काही कळपानं येऊन उभी राहत नाहीत. हा हिशेब मी रात्रंदिवस घालते आणि तो कधीच सुटत नाही. माझं बरोबर ठरायला तू मरायला हवं होतंस, असं कधीच नको होतं मला. मला तर तू जिंकलेली बघायची होतीस, त्या स्पर्धेत, तुझ्या टू टूनं, पाच गोळ्या एका नाण्याखाली.

तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गावातले लोक आले. मी तिथंच होते, नेहाजवळ. ओसरीत सतरंजी टाकली होती. आधी सगळे तुझ्याबद्दल बोलले, मग हळूहळू डुकरांवर आले. सरपंचबाई म्हणाल्या की परवानगी पुन्हा मागता येते, पण बंदूक चालवणारं माणूस नाही. मग एक म्हातारे शेतकरी माझ्याकडे वळले. त्यांनी तुझ्यासारखंच साधं विचारलं.

"शैलाताई, लायसन तर तुमचंही हाय. तुमी यान काय?"

प्रभाकरभाऊ खाली बघत होते. नेहानं माझा हात घट्ट धरला आणि मला कळेना, ती हो म्हण म्हणून धरतेय की नको म्हण म्हणून. मी त्यांना खरं ते सांगितलं. माझ्याकडे पॉइंट टू टू आहे, ती या कामाची नाही. दुसरी लायसनवर चढवून घ्यावी लागेल, वेळ जाईल. मी आयुष्यात कागदाशिवाय कशावर गोळी घातलेली नाही. आणि मग मी म्हणाले, येईन. पण आधी तारा निघतील. एकाही वावरात एकही तार असेल तर मी या गावात पाऊल ठेवणार नाही. निघालेल्या तारा मला डोळ्यांनी बघायच्या आहेत, इथं, या अंगणात.

कोणी वाद घातला नाही. दोघं-तिघं उठून गेले. मला वाटलं, रागावून गेले. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मग पहिला आला, खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन, आणि त्यानं ते तुझ्या तुळशीपासून जरा दूर ठेवलं. कोणाकडे न बघता निघून गेला. मग दुसरा. कोणी सायकलवर आणलं, कोणी बैलबंडीत. एका बाईनं पदरात गुंडाळून आणलं, गंजकं, तुटकं. मी तीन-चार वावरं धरून चालले होते. ढीग वाढत गेला तसं प्रभाकरभाऊंचं तोंड पांढरं पडत गेलं. तुझ्या गावात एवढी तार होती, कुंदा. तू त्यातून रोज चालत होतीस.

शेवटी सुमन आली. रामदासची मुख्य तार पोलिसांनी नेलेली, पण घरात आणखी एक नवं बंडल होतं, न उघडलेलं. ते दोन्ही हातांत धरून ती फाटकाबाहेर उभी राहिली. आत येईना. बायका कुजबुजल्या. नेहा उठून उभी राहिली आणि मला भीती वाटली. पोरगी पुढे गेली, तिच्या हातातून बंडल घेतलं, ढिगावर टाकलं आणि परत येऊन तिला म्हणाली, "ये ना काकू, आत ये." सुमन तिथंच फाटकात बसली आणि रडायला लागली. मग मला पहिल्यांदा रडू आलं, एवढ्या दिवसांनी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. नेहा आत गेली आणि तिनं चहा टाकला.

वर्ध्याला परत आल्यावर मी त्या दुकानदाराला फोन केला. त्याला तू आठवत होतीस, जरीची साडी नेसलेली मॅडम. तू गेलीस हे सांगितल्यावर त्यानं हळूच विचारलं, तुम्हाला कोणती हवी. मी म्हटलं, तीनशे पंधरा, तीच आखूड, राखून ठेवा, कागद झाले की येते. तिनं खांदा काळानिळा होईल, डाव्या हाताला परत वाळूची पिशवी लागेल, आणि पहिल्या डुकराच्या वेळी माझी छाती तुझ्यासारखीच फुटेल, हे मला माहीत आहे. मादी असली तर मी काय करीन ते माहीत नाही. तरी मी जाणार. तू जे करायला नकार दिलास तेच मी करायला निघाले आहे, तुझ्याच गावात, तुझ्याच बांधावर, आणि यातलं काहीही तुला पटणार नाही.

तर आता भांड माझ्याशी. मी ऐकायला बसले आहे.

तुझी,
शैला